शंभरपर्यंत म्हणते, पण सात पाव काढता येत नाहीत : पेडण्यातल्या एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या एका घरातले आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीला घरात सगळे ‘बाय’ म्हणतात, इथेही तेच ठेवले आहे. वय साडेपाच, के.जी.चे शेवटचे वर्ष, पुढच्या जूनमध्ये पहिली. वडील खाजगी बसवर चालक, पहाटे घर सोडतात ते रात्रीच परततात. आई औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीत पॅकिंगला, पाळ्या बदलत्या. दिवसभर घरात आजी आणि बायचा दीड वर्षाचा भाऊ. आजी परसात तांबडी भाजी आणि मुळा लावते आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नेऊन विकते. शिक्षण चौथी, पण जुड्यांचा हिशेब तोंडी आणि अचूक.

घरातले बोलणे कोकणीत, वाचणे-लिहिणे आणि आरत्या मराठीत, आणि के.जी. इंग्रजीत. गोव्यात असे तीन भाषांत वाढणारे मूल घरोघरी सापडेल. सरकारी प्राथमिक शाळा सहसा मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या असतात, पण त्याआधीचे वर्ग बहुतेक खाजगी आणि इंग्रजी. त्यामुळे पहिलीला येणाऱ्या कितीतरी मुलांचे अंक एका भाषेत आणि व्यवहार दुसऱ्या भाषेत असतो.

बायची आई माझी जुनी विद्यार्थिनी. जुलैच्या शेवटी ती के.जी.ची वही घेऊन आली. वहीत शेरा होता, ‘मॅथ्स वीक. घरी प्रॅक्टिस घ्यावी.’ ती म्हणाली, “टीचर, ती शंभरपर्यंत घडाघडा म्हणते हो. मग वीक कशी?” पुढचे वाक्य तिने खाली बघत उच्चारले, “मला गणित कधी जमले नाही, तेच हिच्यात उतरले असणार.”

अडचण नेमकी कुठे होती

वहीत एक ते शंभर आकड्यांची पाने भरली होती, काही ठिकाणी ६ आणि ९ उलटे. वहीवरून काही कळण्यासारखे नव्हते, म्हणून संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. पोदेर (पाववाला) नुकताच येऊन गेला होता आणि पाव फडक्यात गुंडाळून ठेवले होते. मी म्हटले, “बाय, सात पाव ताटात काढ गो.” तिने दोन्ही हातांत मावतील तेवढे उचलले आणि ताटात टाकले. पाच होते.

मग तेच पाव मोजायला सांगितले. बोट ठेवत ती म्हणू लागली, “वन, टू, थ्री...” तोंड बोटाच्या पुढे धावत होते. एका पावावर दोन आकडे पडले आणि पाच पाव सहा झाले. विचारले, “मग किती पाव आहेत?” उत्तर द्यायचे सोडून तिने पुन्हा “वन, टू...” सुरू केले. पुन्हा विचारले, पुन्हा मोजणी.

ही खूण ओळखता यायला हवी. मोजून झाल्यावर ‘किती?’ विचारले की जे मूल पुन्हा पहिल्यापासून मोजते, त्याच्या लेखी मोजणे ही म्हणायची गोष्ट आहे. शेवटी आलेला आकडा म्हणजे सगळ्या ढिगाची संख्या, हे त्याला अजून उमगलेले नसते. शुभंकरोती जशी अर्थ न कळता पाठ होते, तशीच शंभरपर्यंतची माळही पाठ होते.

रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीमागची तत्त्वे मांडली. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम कायम, शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, कोणतीही वस्तू मोजता येते, आणि सुरुवात कुठूनही केली तरी संख्या बदलत नाही. बायचा क्रम पक्का होता. पहिले तत्त्व डळमळीत होते आणि तिसरे नव्हतेच. ‘अमुक इतके दे’ ही तपासणी पुढे कॅरेन विन यांच्या १९९०च्या सुमाराच्या कामामुळे सर्वत्र रूढ झाली. त्यातून दिसते ते असे की मुले आधी ‘एक दे’ समजतात, मग काही महिन्यांनी ‘दोन दे’, मग ‘तीन दे’, आणि त्यानंतर एकदम मोजणीचे गुपित हाती लागते. बायकडे एक, दोन, तीन मागितले तर न चुकता मिळत. चार कधी मिळत, कधी नाही. पाचपासून पुढे मूठभर.

साधारण साडेतीन ते साडेचार वर्षांच्या आसपास बरीच मुले हा टप्पा ओलांडतात. बाय थोडी मागे होती, पण घाबरण्याइतकी नाही. इतक्या लहान वयात गणिताच्या अध्ययन-अक्षमतेचे निदान सहसा करतही नाहीत, आणि हे आईला त्याच दिवशी स्पष्ट सांगितले. कान-डोळे मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यायला लावले, कारण बायला सर्दी वारंवार व्हायची. दोन्ही ठीक निघाले.

आणखी एक गोष्ट आईसमोर ठेवणे गरजेचे होते. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात (सुरुवात ५ जुलै २०२१) पहिलीच्या आधीच्या वर्षासाठी अंकांचे उद्दिष्ट आहे १० पर्यंतचे अंक ओळखणे आणि वाचणे. ९९ पर्यंत वाचन-लेखन हे पहिलीचे उद्दिष्ट. म्हणजे ज्या वयात दहापर्यंतची संख्या हातात यावी अशी अपेक्षा आहे, त्या वयात बाय शंभरपर्यंत लिहीत होती आणि पाच पावांवर अडत होती. हा दोष एकट्या त्या के.जी.चा नाही. वही भरलेली दिसली की पालकांना समाधान वाटते, म्हणून शाळा वह्या भरून घेतात. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या वह्यांत मुलांचे हात दुखतात आणि समज आहे तिथेच राहते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय शिकवणीचा. म्हापशात अबॅकसचा वर्ग आहे, शेजारची मुलगी जाते, आईने फॉर्मही आणला होता. अबॅकसला माझा सरसकट विरोध नाही. पण मणी सरकवण्याआधी मणी म्हणजे किती हे कळावे लागते. शिवाय आठवड्यातून दोनदा म्हापशाला ने-आण कोण करणार? पाळीची नोकरी, घरात तान्हा भाऊ. हा पर्याय बाजूला पडला.

दुसरा, बाजारात मिळणारी सरावाची पुस्तके. यात चित्रातली फुले मोजून आकडा लिहायचा असतो. चित्रे हलवता येत नाहीत, रांगेत लावता येत नाहीत, एकेक बाजूला सारता येत नाहीत. बायची चूक नेमकी तिथेच होती, मोजलेले आणि न मोजलेले वेगळे ठेवता येत नव्हते.

तिसरा, मोबाइलवरचे ॲप. वडिलांचा कल इकडे होता, कारण रात्री उशिरा घरी येऊन त्यांना शिकवायला बसणे शक्य नव्हते. ॲपवर बाय एक खेळ भराभर सोडवायची. जवळ बसून पाहिले तेव्हा कळले की ती मोजत नाही, चुकीचे उत्तर दाबले की आवाज येतो म्हणून एकेक पर्याय दाबत जाते.

चौथा पर्याय घरातल्या कामांतूनच सराव. वेगळा तास नाही, वही नाही. रोज पाव येतात, ताटे मांडली जातात, भाजीच्या जुड्या बांधल्या जातात, त्यातच ‘इतके दे’ आणि ‘किती झाले?’ विचारायचे. यात पैसा लागत नव्हता. अडचण एवढीच की हे करायला आजी तयार हवी होती, आणि आजीचे मत वेगळे होते. “आमच्या वेळी उजळणी पाठ करून घेत. मग सगळे आपोआप यायचे.”

निर्णयाचे टप्पे

शिकवायचे कोणी, हा सगळ्यात अवघड निर्णय. आईला स्वतः रोज बसायचे होते. पण तिची गणिताची धास्ती तिच्या आवाजात ऐकू यायची. बाय चुकली की ती श्वास रोखायची, आणि बाय पावाकडे बघायचे सोडून आईच्या चेहऱ्याकडे बघायची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांबाबत असे आढळले होते की गणिताला घाबरणारे पालक गृहपाठात वारंवार मदत करतात तेव्हा मुले वर्षभरात कमी शिकतात आणि तीही घाबरू लागतात. आईला हे जपून सांगावे लागले. तिला बाजूला काढायचे नव्हते. तिने वही घेऊन बसायचे नाही आणि स्वयंपाकघरात बायला सोबत घ्यायचे, असे ठरले. मुख्य जबाबदारी आजीची.

आजीचे मन वळले ते तिच्या स्वतःच्या कामामुळे. ती तांबड्या भाजीच्या जुड्या बांधत होती. मी विचारले, “तुम्ही जुड्या मोजता तेव्हा चूक का होत नाही?” ती म्हणाली, “मोजलेली ह्या बाजूला ठेवते.” मी म्हटले, “हेच बायला शिकवायचे आहे.” त्यानंतर तिने पुन्हा उजळणीचे नाव काढले नाही.

भाषेचा निर्णय सोपा वाटला तरी त्यावर बरीच चर्चा झाली. शाळा इंग्रजी, मग घरी कोकणी-मराठीत मोजले तर गोंधळ होईल, ही वडिलांची शंका. मोजण्याची समज भाषेला चिकटलेली नसते. पाच म्हणजे किती हे एकदा कळले की ‘पांच’ आणि ‘फाइव्ह’ दोन्ही त्यावर बसतात. आजी ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत मोजायचे ठरले. इंग्रजी माळ शाळेत चालू राहिली, तिला कोणी हात लावला नाही.

बोटांवर मोजू द्यायचे का? के.जी.मध्ये बोटे वापरायला मनाई होती. घरी मोकळीक दिली. या वयात बोटे मुलाजवळची सगळ्यात भरवशाची मोजणीची वस्तू आहेत, आणि संख्या डोक्यात पक्की झाली की ती मुले आपणच सोडतात.

आणि साहित्य. मी चिंचोके सुचवले, घरात काजूच्या बिया आणि कवड्याही होत्या. पण दीड वर्षाचा भाऊ सगळे तोंडात घालतो. चिंचोका घशात अडकू शकतो आणि काजूच्या सालातले तेल भाजते. म्हणून बारीक वस्तू पूर्ण वर्ज्य केल्या आणि करवंट्या, चमचे, वाट्या, पाव, नारळ अशा मोठ्याच वस्तू वापरल्या. लहान भावंड असलेल्या घरात हे आधी बघावे.

प्रत्यक्षात काय केले

सुरुवात चारपासून केली. आईला हे फार खाली उतरणे वाटले, पण जिथवर मूल न चुकता देते त्याच्या जरा पुढेच सुरुवात करायची असते. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की बाय टोपली घेऊन बाहेर. आजी सांगायची, “चार पाव आणि एक पोळी.” मग पाव ताटात एकेक करून ठेवायचे, ठेवताना मोजायचे, आणि शेवटी आजी विचारणार, “किती झाले?” बाय पुन्हा मोजू लागली तर आजीने रागवायचे नाही, ताटावरून हात फिरवून स्वतः म्हणायचे, “चार. हे सगळे मिळून चार.” एवढेच. दिवसातून दोनदा-तीनदा, एकेका वेळी दोन मिनिटे.

चूक झाली तर ‘चुकले’ म्हणायचे नाही, हे ठरवणे सोपे आणि पाळणे कठीण. त्याऐवजी चुकीचा परिणाम दिसू द्यायचा. माणसे चार, ताटे तीन आणली, तर जेवायला बसल्यावर एकाला ताट नाही. बाय स्वतः उठून आणायची. इथे तिला ‘एक कमी’ कळले, कुणी न शिकवता.

चारनंतर पाच आणि मग सहा. सहाला ती अडकली. आजी म्हणाली, “पाच काढ, मग आणखी एक.” हा आजीचा स्वतःचा उपाय, आणि फार चांगला. पुढचा आकडा म्हणजे आधीच्यात एकाची भर, हे कळणे हीच तर मोजणीची किल्ली.

मग चतुर्थी आली आणि वडील यात आले. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधणे हे त्यांचे काम. नारळ, सुपारीची शिपटी (घोस), तोरिंगे, आंबाडे, काकड्या, चिबूड असा पसारा सोप्यावर पडला होता. त्यांनी बायला आधी सारखे-सारखे वेगळे करायला सांगितले. मग एक नारळ, एक शिपटे, एक नारळ, एक शिपटे अशी ओळ जमिनीवर लावली आणि विचारले, “आता काय?” दोनदा चुकून तिला जमले. मग तिने स्वतः एक ओळ लावली, दोन आंबाडे, एक काकडी, दोन आंबाडे, एक काकडी. वर्गीकरण आणि आकृतिबंध हे मोजणीइतकेच सुरुवातीचे गणित आहे, पण घरात कुणी त्याला गणित म्हणत नाही. ॲपचा आग्रह त्यानंतर वडिलांनी सोडला.

नैवेद्याचे एकवीस मोदक आजीने बायला केळीच्या पानावर मांडायला दिले. ती पाचपर्यंत खात्रीने मोजत होती, म्हणून पाच-पाचचे ढीग करायला सांगितले. चार ढीग झाले आणि एक मोदक उरला. ‘एकवीस’ हा शब्द तिला पाठ होता. एकवीस म्हणजे केवढे, ते तिला पहिल्यांदा पानावर दिसले.

चतुर्थीनंतर सोप्याच्या फरशीवर खडूने दहा घरांची सरळ पट्टी आखली, डावीकडून उजवीकडे १ ते १०. नाणे उडवायचे, छापा आला तर एक घर, काटा आला तर दोन. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये दाखवून दिले होते की अशा सरळ पट्टीचा खेळ थोडाच वेळ खेळूनही लहान मुलांची संख्यांची समज वाढते. त्यांच्याच २००९च्या अभ्यासात गोल पट्टीवर तेवढा फायदा मिळाला नाही. यात बोलण्याची रीत महत्त्वाची. ४ वर उभी असताना दोन घरे पुढे जायचे तर ‘एक, दोन’ म्हणायचे नाही, ‘पाच, सहा’ म्हणायचे. बायला हे सुरुवातीला अजिबात रुचले नाही, ती ‘एक, दोन’च म्हणायची. वडील रविवारी तिच्यासोबत उड्या मारत मोठ्याने ‘पाच, सहा’ म्हणायचे, तेव्हा जमू लागले. घरात सापशिडी होती, पण ती तूर्त दूर ठेवली. शंभर घरे आणि ओळीगणिक दिशा बदलणारी वाट या टप्प्याला जड जाते.

के.जी.च्या वहीचे काय? गृहपाठ बंद करता येत नव्हता. आईने शिक्षिकेला भेटून रोज एक पान पुरेल का असे विचारले, आणि शिक्षिकेने आनंदाने होकार दिला.

काय झाले

दिवाळीच्या आधी मी पुन्हा पाव मागितले, सात. बायने एकेक उचलून ताटात ठेवले, मध्ये थांबली, ताटातले बोटाने पाहिले, म्हणाली “पाच”, आणि आणखी दोन ठेवले. ‘किती?’ विचारल्यावर लगेच “सात”. एक मी काढून घेतला आणि विचारले, आता? तिने न मोजता सहा सांगितले. नारळ, चमचे, करवंट्या, काहीही दिले तरी दहापर्यंत ती खात्रीने देत होती.

सगळे सुटले असे नाही. ६ आणि ९ अजून अधूनमधून उलटे येतात. या वयात ते चालते, म्हणून त्यावर वेळ घातला नाही. के.जी.च्या चाचणीत गुण फारसे वाढले नाहीत, कारण चाचणी शंभरपर्यंत लिहिण्याचीच होती. आईला याचे वाईट वाटले आणि ती पुन्हा अबॅकसचा फॉर्म काढून बसली. मी तिला दोन ताटे मांडून दाखवले, एकात सहा पाव, दुसऱ्यात आठ, आणि बायला विचारले कुठे जास्त आणि कितीने. बायने जोड्या लावल्या आणि दोन पाव वेगळे काढून आईच्या हातात दिले. फॉर्म भरायचा की नाही हा निर्णय आईचाच आहे. तूर्त तो कपाटात आहे.

वेगळे काय करता येईल

दुसऱ्या घरात हेच करायचे झाले तर के.जी.च्या शिक्षिकेला पहिल्या आठवड्यातच भेटावे. इथे ती भेट चतुर्थीनंतर झाली आणि तोवर मूल संध्याकाळी थकून चार-चार पाने लिहीत होते. शिक्षिका समजूतदार निघाली. वर्गात तीसेक मुले असताना एकेकाला ‘सात दे’ म्हणून तपासणे तिला शक्य नव्हते. ते घरचे माणूस करू शकते आणि तिला सांगूही शकते.

वडिलांसाठी सणाची वाट पाहायची गरज नाही. बस दुरुस्तीला असते, रविवार असतो, नारळ पाडायचे असतात. शिकवायला या म्हटले की घरातले पुरुष मागे सरतात. हातातल्या कामात मुलाला घ्या म्हटले की येतात, असा माझा अनुभव आहे.

सरळ पट्टीचा खेळ कदाचित आधी आणता आला असता, पाच पक्के झाल्याबरोबर. पण त्या वेळी पाऊस होता आणि सोप्यावर ओले कपडे वाळत होते.

आता पुढचा टप्पा वीसच्या वरचा. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी लिहायचे असतात, त्यामुळे ५२ लिहिणारी मुले दरवर्षी माझ्या वर्गात असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन जोडीला दिले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या समितीने त्यामागची अडचण खरीच ओळखली होती, असे माझे मत आहे. बायसाठी आम्ही आजीच्याच जुड्या वापरणार आहोत. दहा काड्यांची एक जुडी, सुट्या काड्या वेगळ्या. दोन जुड्या आणि पाच काड्या समोर असताना ‘पंचवीस’ म्हणायचे, आणि आधी जुड्यांचा आकडा लिहायचा, मग सुट्यांचा. हे पहिलीच्या आधी संपवायची घाई नाही. भावाला तोवर अडीच वर्षे होतील, आणि काड्या तोंडात घालण्याचे त्याचे वय संपलेले असेल की नाही ते बघूनच जुड्या खाली काढायच्या, असे आजीने ठरवले आहे.